आईकडनं संत्रं

आमच्या निपाणीच्या गल्लीत कुणी माझा पत्ता विचारला तर लोक घराचा नंबर सांगत नसत. "ते बघा, संत्र्याच्या आज्जीचं घर," असं म्हणायचे. माझं नाव पद्मावती. नाव देवीचं आहे, तोंड मात्र देवीचं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांचा त्रास वाचेल. आता लोक मला काय म्हणतात ते शेवटी सांगेन. फजिती सांगायची तर ताट वाढतात तशी सांगावी, मीठ आधी आणि ताक शेवटी.

झाड आणलं आमच्या मालकांनी. बाबगोंडा त्यांचं नाव. जिवंत होते तेव्हा मी ते कधी घेतलं नाही, आता घेतलं तर रागवायला ते नाहीत. तंबाखूच्या व्यापाराच्या कामाला नागपूरला गेले आणि येताना ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक रोप मांडीवर घेऊन आले. सोन्याचा डाग आणला असता तर मी एकदा बघून कपाटात ठेवला असता. हे रोप मात्र गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. "नागपूरचं संत्रं. कलमी. अस्सल." तिन्ही शब्द मालकांनीच शिकवलेले. परड्यात न्हाणीचं पाणी जातं तिथं ते लावलं.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या जयाबाईची शेळी बुटक्या भिंतीवरनं आली आणि रोप खाऊन गेली. जमिनीवर चार बोटांचा बुडखा तेवढा राहिला. मी भिंतीपाशी उभी राहून जयाबाईच्या माहेरचा आणि सासरचा, दोन्हीकडचा उद्धार केला. मला राग आला की कन्नड फुटतं, कारण माझी आई चिक्कोडीकडची, आणि शिव्या माणूस आईकडनंच शिकतो. जयाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुक्या जनावराला काय कळतंय गं, पद्माक्का, नागपूर का निपाणी?"

आणि नवल बघा. त्या बुडख्यातनं फुटवे आले. पहिल्यापेक्षा जोमानं आले. पहिल्या रोपाला काटे नव्हते, याला काटे आले. मी सगळ्यांना सांगितलं, "झाड शहाणं झालंय. आता शेळी येऊ दे म्हणावं." आमचा मुलगा अभिनंदन तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होता. त्यानं पण मान डोलावली. त्यात विज्ञानाची चूक नाही. माझ्यासमोर मान डोलवायची त्याला लहानपणापासनं सवय आहे.

फळ धरायच्या आधीच मालक गेले.

त्या वर्षी चातुर्मासात आम्ही तवंदीला महाराजांचं प्रवचन ऐकायला गेलो. आमच्या जैन लोकांत त्यागाला मोठा मान. एखादी आवडती वस्तू महाराजांसमोर सोडायची, नेम घ्यायचा आणि मरेपर्यंत पाळायचा. कुणी गूळ सोडला, कुणी आंबा सोडला. एका बाईनं तर चहा सोडला. तिच्याकडं बघून माझा जीव घाबरा झाला. माझी पाळी आली. चहा माझ्यानं सुटणार नव्हता, आंबा सुटणार नव्हता, तिखटाचं तर नावच नको. मग मी डोळे मिटले, आवाज जड केला आणि म्हणाले, "महाराज, मालकांच्या आठवणीत आजपासनं संत्रं सोडलं." बायका हळहळल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. तसं मला संत्रं कधी आवडलंच नव्हतं, बियाच फार.

पुढच्याच वर्षी झाड लगडलं. गोल, नारिंगी, सैल सालीची फळं, नुसती बघत राहावीत अशी. आणि मी नेमात.

तेव्हा झाड माझं, तोरा माझा आणि चव लोकांची, असा कारभार सुरू झाला. थंडीच्या दिवसांत घरी येईल त्याला मी स्वतः फळ तोडून द्यायची. पाहुण्यानं हात पुढं करायच्या आत आमची सून त्रिशला ते माझ्या हातातनं घ्यायची. "धुवून, सोलून आणते, आत्ती." मग ताटलीत फोडी मांडून आणायची. पाहुणा एक फोड तोंडात घालायचा आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत बसायची.

"कसं हाय?"

"लई गोड, आज्जी."

"मग! नागपूर हाय ते."

पंचवीसेक वर्षं हेच बोलणं. माणसं बदलली, फोड बदलली, उत्तर काही बदललं नाही. मला वाटायचं, झाडाचा गुण आहे.

त्रिशलाचं कौतुक मी सहसा करत नाही, तिला सवय लागेल म्हणून. पण एक गोष्ट मी चारचौघींत सांगायची. थंडीत आमच्या घरात लिंबू कधी विकत येत नाही. तरी पोह्यांना आंबट असतं, साराला असतं, कोशिंबिरीला असतं. पोरगी काटकसरीची आहे, कुठनं तरी भागवते. कुठनं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. आपणच शहाणं असल्यावर विचारायचं कुणाला?

गल्लीत एकटी जयाबाईच काय ती कुरकुरायची. भिंतीवर आलेली फांदी ओढून पानं चुरगाळायची आणि नाकाला लावायची. "पद्माक्का, तुझ्या संत्र्याच्या पाल्याला लिंबाचा वास येतोय गं."

"तुझ्या नाकात शेळी बसलीया. ती उठली की बरोबर वास येईल."

असं सगळं छान चाललं होतं. मग क्षमानं ते बोलणं काढलं.

क्षमा माझी नात, अभिनंदनची एकुलती एक पोर. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते, अनगोळला मावशीकडं राहते. शनिवारी निपाणीला येते ती सूर्य मावळायच्या आत, कारण त्यानंतर आमच्यात जेवण नसतं. त्या शनिवारी ताटावर बसली आणि दुसरी भाकरी घेताना म्हणाली, "आज्जी, मला एकजण पसंत हाय."

"कोण?"

"साईनाथ. तोटगारिकेत हाय." तोटगारिके म्हणजे सरकारचं बागायत खातं. तिथल्या रोपवाटिकेचं काम तो बघतो.

"घराणं?"

तिनं आधी भाजी वाढून घेतली. मी हातातला घास ताटात ठेवला.

"वडील बेळगावचेच, वडगावचे. माग हाय त्यांचा, साड्या विणत्यात. आई आपल्यातली, जैन. चिक्कोडीकडची."

"म्हंजे आपल्यातला न्हाय."

"अर्धा हाय की, आज्जी."

"अर्धी भाकरी असती. अर्धा माणूस नसतोय. माणूस बापाचा असतोय."

अभिनंदन हळूच म्हणाला, "आई, पोरगा चांगला हाय. मी भेटलोय—"

"तू भेटलास? मला न सांगता?"

त्यानं ताकाची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ काढली नाही.

क्षमा मात्र घाबरली नाही. "आज्जी, तू हो म्हणल्याशिवाय मी लगीन करणार न्हाय. पण न्हाय म्हणलीस तर दुसऱ्या कुणाशी पण करणार न्हाय. तुला सांगून ठेवलं." आणि भाकरी मोडून खायला लागली. आवाज चढवला नाही, रडली नाही. पोरगी थेट माझ्यावर गेली आहे, आणि माझा स्वभाव दुसऱ्या कुणात दिसला की मला सोसत नाही.

"मी अस्सल काय आन नकली काय ते नजरेनं वळखते," मी म्हणाले. "झाड असू दे, न्हायतर माणूस."

"मग त्याला नजरेनं तरी बघ."

"आण की. झाडाचा माणूस हाय ना? माझं झाड बघू दे त्याला. अस्सल म्हंजे काय ते कळंल."

त्रिशलाच्या हातातनं पळी पडली. मला वाटलं, हात ओला असेल.

रविवारी साईनाथ मोटरसायकलवरनं आला. सावळा, हडकुळा, केस पाणी लावून चापून बसवलेले. वाकून नमस्कार केला आणि "जय जिनेंद्र" म्हणाला. आईनं पाठ करून घेतलेलं दिसत होतं. मी बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही, सरळ परड्यात घेऊन गेले. मागनं अभिनंदन, त्रिशला, क्षमा. भिंतीपलीकडं जयाबाई वाळलेलेच कपडे परत झटकत उभी होती.

झाड त्या दिवशी नटलेलं होतं. फळंही होती आणि नवीन कळ्याही आल्या होत्या. साईनाथनं आधी एक पान तोडून चुरगाळलं, वास घेतला. एक कळी बोटानं वळवून बघितली. मग खाली बसून बुंध्याला हात लावला, माती जराशी बाजूला केली. मग उठला आणि क्षमाकडं बघितलं. क्षमा आभाळाकडं बघत होती.

"हे कुणी लावलं, आज्जी?"

"आमच्या मालकांनी. कुठलं हाय, सांग बघू."

त्यानं सांगितलं. मला ऐकू आलं, "नागपूर."

माझा डावा कान कमी ऐकतो असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही. लोकच हल्ली पुटपुटतात.

"ऐकलंस, अभिनंदन? नुसतं पान हुंगून नागपूर वळखलं! सरकारी माणूस हाय, उगंच न्हाय." मला इतकं भरून आलं की तोंडाला लगाम राहिला नाही. क्षमाकडं वळून म्हणाले, "पोराला नजर हाय गं. बाप कोण का असंना."

क्षमानं ते वाक्य खाली पडू दिलं नाही. "म्हंजे तुझी ना न्हाय, आज्जी?"

"ना कशाला? ज्याला अस्सल कळतंय, त्याला पोरगी द्यायला काय हरकत हाय?"

"पेढे आणतो," अभिनंदन म्हणाला. आमच्या अभिनंदनला एवढ्या चपळाईनं बोलताना मी त्याच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

"मी चहा टाकते," त्रिशला म्हणाली.

"आज्जी, मी काय म्हणालो—" साईनाथनं तोंड उघडलं, तर क्षमानं त्याच्या पायावर पाय दिला. मी ते बघितलं. मला वाटलं, लाजतायत पोरं.

तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण समोर जयाबाई होती आणि पंचवीस वर्षांचा लिंबाचा वास माझ्या डोक्यात होता.

"जयाबाई! ऐकलंस का गं?"

"ऐकलं. पण मला दुसरंच कायतरी ऐकू आलं."

"साईनाथ, जरा मोठ्यानं सांग तिला. कुठलं झाड हाय हे?"

अभिनंदनला खोकला आला. माझ्या पाठीमागं त्रिशला दोन्ही हातांनी नको नको करत होती, ते मला नंतर कळलं. क्षमानं डोळे मिटून घेतले. त्यानं एकदा "नागपूर" म्हटलं की पेढे, चहा आणि सुपारी एकाच दिवशी. त्याला ते कळत होतं. घाम त्याच्या चापून बसवलेल्या केसांतनं खाली आला.

"आज्जी, मी नागपूर न्हाय म्हणालो. रंगपूर म्हणालो."

"ते कुठं आलं? नागपूरच्या पुढं?"

"झाडाची जात हाय ती. रंगपूर लिंबू. दिसायला अगदी संत्र्यासारखं. साल तशीच सुटती, आत रंग पण तसाच. पण लिंबू हाय, आज्जी. संत्र्याची कळी पांढरीफेक असती, हिला बघा जांभळी झाक हाय. आन पान चुरगाळलं की वास..."

"लिंबाचा येतोय!" जयाबाई भिंतीवरनं ओरडली. हातातली चादर तिनं निशाणासारखी हलवली.

"इल्ल!" माझं कन्नड फुटलं. नाही म्हणजे नाही.

"हौदु, अज्जी," तो म्हणाला. होय, आज्जी. आणि ते अगदी चिक्कोडीच्या हेलात म्हणाला, माझी आई म्हणायची तसं. मला आणखीच राग आला.

"रोप नागपूरहून आलतं! मालकांनी मांडीवर आणलं! कलमी होतं!"

"कलमी होतं म्हणूनच तर," तो म्हणाला. "कलमाला खाली खुंट एका जातीचा असतोय, दणकट. वर डोळा बसवत्यात दुसऱ्या जातीचा. तुमच्या रोपाला खाली रंगपूर होतं, वर संत्रं. वरचं मेलं की खालचा खुंट फुटतोय. ह्या झाडाला लहानपणी काय झालतं काय?"

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं.

"शेळी," मी म्हणाले.

"मग संत्रं शेळीनं खाल्लं, आज्जी. तुम्हाला खुंट ऱ्हायला."

"तरीच म्हणलं," जयाबाई म्हणाली, "त्या साली शेळीचं दूध एवढं गोड कसं लागतंय!"

मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. म्हणजे दिलं, पण शेळीचा हिशेब नंतर करायचा ठरवला. मी सुनेकडं वळले. "आन एवढी वर्षं लोक गोड गोड म्हणत्यात, ते काय?"

त्रिशलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पाहुण्यांना मी बाजारातली द्यायची, आत्ती. पहिल्या साली ह्यांनी एक खाल्लं, डोळ्यातनं पाणी आलं. तुम्ही विचारलं कसं हाय, तर म्हणले गोड हाय. मी नवी नवरी. नवऱ्यानं गोड म्हणलेलं मी आंबट कसं म्हणू?"

अभिनंदन झाडाचे काटे मोजायला लागला.

मी न्हाणीच्या दगडावर बसले. साईनाथला माझी दया आली असावी. त्याला वाटलं समजूत काढावी. बिचाऱ्याला मी कुठं माहीत होते? तो समोर उकिडवा बसला. "आज्जी, लिंबू हाय, पण संत्र्याचं जवळचं नातं हाय त्याचं. ह्या सगळ्या भाऊबंदांत मूळ घराणी मोजकीच. एक महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतंय ते. एक पपनस. एक संत्रं. बाकीची बरीचशी ह्यांच्या सोयरिकीतनं झालेली. संत्र्याच्या आन पपनसाच्या सोयरिकीतनं मोसंबी आली. तसं संत्र्याच्या आन महाळुंगाच्या सोयरिकीतनं हे तुमचं रंगपूर."

"त्यात आई कोण आन बाप कोण?"

"आई संत्रं. बाप महाळुंग."

मी ताडकन उठले. "मग काय तर! जयाबाई, ऐक. आईकडनं संत्रंच की!"

बोलून गेले, आणि माझंच वाक्य मला परत ऐकू आलं, आणि या वेळी डाव्या कानानंही ऐकलं. अर्धा माणूस नसतो, माणूस बापाचा असतो, हे त्याच तोंडानं आदल्याच दिवशी भाकरी खाता खाता म्हटलं होतं.

जयाबाईनं चादर भिंतीवर ठेवली, दोन्ही कोपर चादरीवर ठेवले आणि सावकाश विचारलं, "आन हे पोरगं आईकडनं कोण गं, पद्माक्का?"

क्षमा हसली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. ती हसली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

बोलण्यात कुणी मला अडवलं की मी दुसरीच वाट काढते. मी साईनाथसमोर जाऊन उभी राहिले. "लिंबू हाय म्हणतोस. खात्रीनं?"

"खात्रीनं, आज्जी."

"मी महाराजांसमोर संत्रं सोडलेलं हाय. आजपातूर जिभेला लावलेलं न्हाय. आता तुझ्या शब्दावर मी हे फळ खाणार. तू खोटा निघालास तर माझा नेम मोडला, आन ते पाप तुझं. बोल. खाऊ?"

त्यानं परत एकदा झाडाकडं बघितलं, कळीकडं बघितलं, बुंध्याकडं बघितलं. दुसऱ्याच्या नेमाला एवढा घाबरणारा माणूस मी आमच्या देवळातसुद्धा फार बघितलेला नाही.

"खावा, आज्जी."

मी फळ तोडलं. साल अगदी संत्र्यासारखी सुटली, तेवढ्यावर माझा जीव अजून जरा लोंबकळत होता. फोड तोंडात घातली आणि चावली.

आंबट. इतकं आंबट की दोन्ही डोळे मिटले, मान खांद्यात गेली. मी कशी दिसत असेन ते अभिनंदनच्या तोंडावर मला दिसलं. पण ते पहिलं आंबट जरा खाली गेलं आणि मागनं दुसरं काहीतरी आलं. ही चव मला माहीत होती. थंडीतले सकाळचे पोहे. कुळथाचं सार. काकडीची कोशिंबीर. गेल्या वर्षी मला ताप आला होता तेव्हा त्रिशला चमच्याचमच्यानं पाजत होती ते साखर घातलेलं कोमट पाणी. माझ्या घरातली सगळी थंडी त्या एका फोडीत होती.

"त्रिशला."

"आत्ती."

"हे मी खाल्लंय."

"व्हय, आत्ती."

"कधीपासनं?"

"पहिल्या सालापासनं." आणि मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. लग्न होऊन आल्यापासनं एवढं एका दमात बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. "लिंबू हाय म्हणूनच घातलं, आत्ती. संत्रं असतं तर घातलं असतं काय? पाहुण्यांसाठी बाजारातली संत्री आणायची, ती सोलायची ताटली मी वेगळी ठेवली, पुसायचं फडकं वेगळं ठेवलं, तुमच्या ताटाला चुकून थेंब लागू नये म्हणून. तुम्ही नेम घेतला एकदाच. पाळला मी."

मी कौतुक केलं नाही. तिला सवय लागेल म्हणून. पण उरलेल्या फळातली एक फोड काढून तिच्या हातात दिली. ती तिनं तिथंच खाल्ली, तोंडसुद्धा वाकडं न करता.

आता माझी अडचण बघा. फळाला आईचं म्हणावं, तर ते संत्रं. मग एवढ्या वर्षांच्या पोह्यांसकट माझा नेम गेला. फळाला बापाचं म्हणावं, तर ते लिंबू, नेम शाबूत. पण मग पोरगंही बापाचं, आणि माझी नात जन्मभर बिनलग्नाची. इकडं क्षमा बघत होती, तिकडं जयाबाई बघत होती, मध्ये तो पोरगा मोटरसायकलची किल्ली हातात घट्ट धरून उभा होता. ज्या क्षणी मी ती फोड त्याच्या शब्दावर तोंडात घातली त्याच क्षणी निकाल लागला होता, हे मला कळत होतं. पण माझ्यासारख्या बाईला हो म्हणायचं तरी ते आपलं जिंकल्यासारखं म्हणावं लागतं.

"ऐका," मी म्हणाले. "फळ बापाचं. पोरगा आईचा."

"असं कसं, आई?" अभिनंदन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विज्ञान आठवलं. "दोघांना दोन न्याय?"

"झाडाला आन माणसाला एकच न्याय लावायला मी काय झाड हाय? पेढे आणणार होतास ना? जा."

हा न्याय कुठल्या पोथीत आहे असं मला विचारू नका. माझी शाळा तिसरीपर्यंत. त्याच्या पुढच्या पानावर असेल.

वैशाखात लग्न झालं. साईनाथच्या वडिलांनी, सुबरावांनी, स्वतःच्या मागावरची साडी मला नेसायला आणली. नारिंगी रंगाची. माझी चेष्टा होती का मान होता, ते मी अजून ठरवलेलं नाही. मी पदर बोटांत धरून विचारलं, "अस्सल हाय न्हवं?"

"अस्सल हाय की, आक्का. ताणा सुती, बाणा रेशमी."

म्हणजे उभा धागा एकाचा, आडवा दुसऱ्याचा. तीही अर्धी अर्धीच. अंगाला मात्र छान बसली. मी आता अर्ध्यावर बोलायचं सोडलं आहे. महाराजांसमोर नाही, मनातल्या मनात. चहासारखंच, पुरतं सुटेल याची खात्री नाही.

थंडी पडल्यावर साईनाथ नागपुरी संत्र्याचे डोळे घेऊन आला आणि ते त्यानं आमच्या झाडाच्या फांद्यांवर बसवले, पट्टी बांधून, बाळंतिणीला बांधतात तशा निगुतीनं. काही धरले, काही वाळले. फळं यायला काही वर्षं जातील म्हणतो. एक मोठी फांदी मात्र मी त्याला हात लावू दिली नाही. संत्री आली तरी मला कुठं खाता येणार आहेत? माझे पोहे त्या फांदीवर आहेत.

गल्लीत आता "लिंबाच्या आज्जीचं घर" म्हणतात. नवीन नाव जयाबाईनं ठेवलं, आणि पोस्टमनपर्यंत तिनंच पोचवलं. घरी येईल त्याला मी अजून फळ तोडून देते. त्रिशला आता ते आत नेत नाही. पाहुण्यानं माझ्यासमोर सोलायचं, माझ्यासमोर खायचं. कोण खरं बोलतो, कोण खोटं, ते विचारावंच लागत नाही, तोंडावर दिसतं. पंचवीस वर्षांत एवढी करमणूक मला झाली नव्हती.

परवा जयाबाईला हाक मारली आणि भिंतीवरनं एक फळ दिलं. तिनं सोललं. फोडच्या फोड तोंडात टाकली, माझ्याकडं बघत सावकाश चावली. डोळ्यांत पाणी भरलं, हनुवटी थरथरली, पण तोंड वाकडं म्हणून केलं नाही.

"कसं हाय?"

"लई गोड हाय गं, पद्माक्का."

"मग!" मी म्हणाले. "रंगपूर हाय ते."